टिकाऊ पेन्सिल

"सगळ्यात जास्त टिकंल अशी दावा," इंद्रजित काउंटरवर कोपरं टेकून म्हणाला. "सारखं सारखं बारामतीला कोण येणार?"

याच आवाजात त्याने मागच्या आठवड्यात ठिबकच्या नळ्या घेतल्या होत्या आणि त्याआधी शेडनेटची जाळी. वस्तू कुठलीही असो, इंद्रजितचे प्रश्न ठरलेले असत. टिकणार किती, खराब निघाली तर बदलून मिळणार का, आणि दोन घेतल्या तर कमी काय करणार? आज वस्तू पेन्सिल होती, एवढाच फरक. दुकानदार मात्र जरा गोंधळला.

"मुलगा कितवीत आहे?"

"मुलगा न्हाय. आईसाठी पायजे. डॉक्टरनं लिवून दिलंय."

इंद्रजितने खिशातून चिठ्ठी काढून काचेवर ठेवली. भिगवण चौकाजवळच्या त्या स्टेशनरीच्या दुकानात आजवर कुणी चिठ्ठीवर माल मागितला नव्हता. दुकानदाराने चष्मा चढवला आणि मेडिकलवाल्याच्या गांभीर्याने ती वाचली. फिजिओथेरपीच्या मॅडमनी लिहिलं होतं: गरम पाण्यात हात धरणे, चेंडू दाबणे आणि रोज अर्धा तास कागदावर रेघा, गोल, जमेल तसं चित्र.

"हात मोडला होता का?"

"गोठ्यात घसरली. मनगाट गेलं." इंद्रजितने मान मागे वळवली. "दाव की गं, आई."

लीलाबाई मागे उभ्या होत्या. प्लास्टर नुकतंच निघालं होतं. उजवा हात त्यांनी डाव्या हातात असा धरला होता, की जणू शेजारणीचं काचेचं भांडं परत द्यायला निघाल्या असाव्यात. फुटू नये म्हणून सांभाळून, आणि आपलं नाही म्हणून जरा अंगापासून लांब. त्यांनी हात थोडा वर केला. दुकानदाराने मान डोलावली. हात पास झाला.

"ह्या बघा," त्याने खालच्या कप्प्यातून धुळीचं खोकं काढून फुंकर मारली. "फोर एच. कडक माल. टोकच मोडत नाही. इंजिनिअरिंगची पोरं न्यायची. ती आता सगळं कॉम्प्युटरवर काढतात, म्हणून पडून आहे. निम्म्या भावात देतो."

"कडक म्हंजे टिकाऊ?"

"वर्षभर बघायला नको."

इंद्रजितचा चेहरा उजळला. निम्म्या भावात कडक माल म्हणजे लग्नात मिळालेल्या आहेरासारखा, नाही म्हणायला जागाच नाही. कागदाचंही तसंच झालं. दुकानदाराकडे लग्नपत्रिकांचा उरलेला जाड, गुळगुळीत, चमकणारा कागद होता. इंद्रजितने त्याचा कोपरा दुमडून पाहिला, नखाने ओरखडून पाहिला. "ओल धरत न्हाय न्हवं?"

"पाणी सांडलं तरी पुसून घ्या."

"द्या मग."

लीलाबाईंना कुणी काही विचारलं नाही, आणि त्यांनाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. औषध काय रोगी निवडतो? पिशवी गाडीच्या हँडलला अडकली, लीलाबाई मागे एका बाजूला पाय सोडून बसल्या, आणि औषध गावी, लासुर्ण्याला आलं.

लासुर्ण्याच्या त्या घरात कुणी कुणाला कशाला नाही म्हणत नसे. फक्त ज्याचा उपयोग नाही ते कुणी करत नसे. टीव्ही बघायचा तर हातात सोलायला लसूण असे. फोनवर बोलायचं तर गोठ्यात उभं राहून, म्हणजे तेवढ्यात म्हशीपुढची वैरण सारून होते. लीलाबाईंचे मालक गेले तेव्हा दहा दिवस माणसं बसायला येत होती, आणि त्या दहा दिवसांत आल्या-गेल्याशी बोलता बोलता लीलाबाईंनी वर्षाच्या तुरी निवडून काढल्या. कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. त्यांना स्वतःला तर नाहीच.

त्यामुळे पेन्सिली औषध म्हणून घरात आल्या हे फार बरं झालं. त्या मलमाच्या ट्यूबशेजारी फळीवर बसल्या. संध्याकाळी सून मनिषा विचारायची, "आत्या, रेघा झाल्या का?" गोळ्या झाल्या का, असं विचारावं तसंच. लीलाबाई मान हलवायच्या आणि दिव्याखाली जाऊन बसायच्या.

पण रेघा उमटेनात. त्या गुळगुळीत कागदावर ती कडक पेन्सिल लोण्यावरून सुई फिरवावी तशी निसटायची. मागे राहायचा तो कोळ्याच्या जाळ्याचा एखादा तंतू. लीलाबाईंनी दाबून पाहिलं, ओठ आवळून दाबून पाहिलं. मनगटात कळ उठली, कागदाला खळगा पडला, पण रेघ फिकी ती फिकीच.

इंद्रजित रात्री जेवण झालं की कागद दिव्यासमोर धरायचा. "काडलंयस का नुसतीच बसलीयास?"

"हाय की. नीट बघ."

तो नीट बघायचा आणि कागद खाली ठेवायचा. मॅडमनी पुढच्या खेपेला सांगितलं, की हात सुधारतोय, थोडंथोडं काम सुरू करायला हरकत नाही. इंद्रजितने बाहेर येऊन आईला सांगितलं, "त्यांना काय जातंय सांगाय. रेघ बघितली का तिनं? तू म्हशीखाली बसायचं न्हाय, आणि मिरचीला तर हातच लावायचा न्हाय." वस्तू पारखण्यात आपण फसत नाही, यावर त्याचा फार विश्वास. आईची पारख तो रेघेवरून करत होता, आणि रेघ सांगत होती की आईच्या हातात जीव नाही.

शेडनेटमध्ये ढोबळी मिरचीचा तोडा सुरू झाला होता. एक दिवसाआड माल पुण्याला जायचा. मनिषा पहाटे म्हशीची धार काढायची, स्वयंपाक उरकून नेटमध्ये शिरायची, दुपारी मिरची निवडून बॉक्स भरायची आणि संध्याकाळी पुन्हा धार. मदतीला सारजा नावाची बाई रोजाने लावली होती. ती मन लावून काम करायची, पण तिचं मन तिच्या घरच्या शेळ्यांत असायचं. लीलाबाई ओट्यावर बसून सगळं बघायच्या आणि रात्री पडल्या पडल्या उजवी मूठ आवळून बघायच्या. सगळ्या जन्मात या हाताने त्यांना एकदाही विचारात पाडलं नव्हतं. आता तोच उद्या भाकरी थापेल की नाही, याची त्यांना भीती वाटू लागली. ही भीती त्यांनी कुणाला सांगितली नाही. सांगायची म्हटलं तर काय सांगणार? रेघ तर सगळ्यांना दिसत होती, म्हणजे दिसत नव्हती.

पुढच्या खेपेला इंद्रजितला वेळ नव्हता. लीलाबाई एकट्याच एसटीने बारामतीला गेल्या, मॅडमना हात दाखवला आणि येताना त्या दुकानात शिरल्या. मालक जेवायला गेला होता. काउंटरवर मोना नावाची मुलगी होती. ती चित्रकलेच्या डिप्लोम्याला होती आणि दुपारची दुकानात बसायची.

लीलाबाईंनी पिशवीतून पेन्सिली काढून काचेवर मांडल्या. "ह्या बदलून दे बाई. खराब निघाल्या."

मोनाने एक उचलली, बुडावरचा छाप बघितला आणि हसू दाबलं. "कुणी घेतल्या ह्या?"

"पोरानं. टिकाऊ मागितल्या हुत्या."

"टिकाऊ आहेतच की. नातवंडांना पण पुरतील." मग लीलाबाईंचा चेहरा बघून ती ओशाळली. "मावशी, खराब नाहीत ह्या. कडक आहेत. नकाशे काढायच्या. पेन्सिलचं उलटं असतं बघा. टिकते ती उमटत नाही, आणि उमटते ती झिजते." तिने स्वतःच्या कानामागची पेन्सिल काढून पुढे केली आणि एक खरखरीत कागदाचा तुकडा ठेवला. "हिनं ओढा. जोर लावू नका."

लीलाबाईंनी रेघ ओढली.

काळी आली. तव्याच्या बुडासारखी काळी, मऊ, आणि कसलीच कळ न सोसता आलेली. त्यांनी हात मागे घेतला, जणू काही सांडलं. मग पुन्हा एक ओढली. मग एक गोल. गोलाचं जरा वांगं झालं, पण तो थरथरला नव्हता.

"जोर लावला का?" मोनाने विचारलं.

"न्हाय गं."

"मग हात चांगलाय की तुमचा."

लीलाबाईंना हसू फुटलं. एवढ्या दिवसांची भीती एका फटक्यात निघून गेली, आणि तिच्या जागी लगेच दुसरा विचार येऊन बसला. हात चांगला असेल तर बसणं संपलं. उद्या पहाटे धार, मग नेट, मग बॉक्स. त्यात गैर काहीच नव्हतं. पण हातात ती मऊ पेन्सिल होती, आणि ती खाली ठेवावीशी वाटत नव्हती.

"कितीला ही?"

मोनाने त्यांना नवी काढून दिली. फोर बी. लीलाबाई रंगाच्या मोठ्या पेटीकडे बघत होत्या. मोनाने मालकाच्या रिकाम्या खुर्चीकडे नजर टाकून आवाज खाली आणला. "पेटीबिटी काही घेऊ नका. सुरुवातीला एक पेन्सिल आणि एक साधं पांढरं खोडरबर, बस. बाकी सगळा दुकानाचा फायदा. शार्पनर पण नको, मऊ पेन्सिल खाऊन टाकतो तो. ब्लेडनं सोला, वांग्याचं देठ सोलतो तसं. आणि तो चकचकीत कागद लग्नालाच ठेवा. कॅलेंडरच्या मागं काढा, पुठ्ठ्यावर काढा. पुठ्ठ्यावर तर झकास उमटते ही."

"पुठ्ठं ढिगानं हायती माझ्याकडं," लीलाबाई म्हणाल्या.

तिथून पुढे लीलाबाईंकडे दोन पेन्सिली झाल्या. संध्याकाळी दिव्याखाली कडक पेन्सिल आणि चमकता कागद. ती रेघ इंद्रजितसाठी. दुपारी पॅकिंगच्या शेडमध्ये, मनिषा आणि सारजा नेटमध्ये असताना, मऊ पेन्सिल आणि बॉक्सची आतली बाजू. ती स्वतःसाठी. हे खोटं आहे, हे त्यांना कळत होतं. पण त्या कुणाशी खोटं बोलत नव्हत्या. त्या फक्त खरी रेघ दाखवत नव्हत्या. आयुष्यभर सरळ वागलेल्या माणसाला एवढी पळवाट पुष्कळ होते.

त्या काय काढायच्या? ढोबळी मिरची, पाठीवर पडलेली आणि पोटावर पडलेली. तोडणीची कात्री. इंद्रजितची एक चप्पल. दुसरी कुठे असायची हे त्यालाही माहीत नसे. म्हैस तर किती वेळा. आणि काढता काढता त्यांना एक नवलच उमगलं. म्हैस त्यांनी रोज बघितली होती, पण बघितली ती तिचं काहीतरी करायचं म्हणून. दूध काढायचं, धुवायची, दावं बदलायचं. मिरची बघायची ती तोडायला, तांदूळ बघायचा तो निवडायला. नुसतं बघत बसायचं, आणि बघण्याखेरीज तिचं काही करायचं नाही, असं कधी झालंच नव्हतं. म्हशीच्या कानाला आतून पांढरे केस असतात, हे त्यांना साठीला टेकल्यावर कळलं.

शेजारची ठमाबाई एकदा न विचारता शेडमध्ये आली आणि खांद्यावरून वाकली. "अगं बया, ही तर तुमची चांदी! शेपूट लय लांब काडलंयस, लिले."

"तिचं हायच लांब."

"मला काड की."

"गप बसशील का तवर?"

"न्हाय."

"मग कशी काडू?"

चित्रांचं पुढे काय करायचं, हा प्रश्नच नव्हता. झाकणाच्या आतल्या बाजूला चित्र झालं की बॉक्सची घडी उघडून त्यात मिरची भरली जायची, वरून चिकटपट्टी बसायची, आणि संध्याकाळच्या टेम्पोने चित्र पुण्याला मार्केट यार्डात जायचं. गावातल्या कुठल्याही माणसाचा माल एवढ्या लांब, एवढा नेमाने जात नसेल. लीलाबाईंना आपली चित्रं गेल्याचं दुःख नव्हतं. भाकरी थापणाऱ्या बाईला केलेलं उरत नाही याची सवय असते.

घोटाळा पुण्याच्या आडत्यामुळे झाला. एका रात्री त्याचा फोन आला आणि इंद्रजितने जेवता जेवता तो स्पीकरवर टाकला.

"काय इंद्रजितराव, मिरचीबरोबर म्हैस पण पाठवायला लागला का? हमाल सगळे गोळा झालेत. बॉक्समधनं म्हैस निघाली म्हणतात!"

आडत्या हसत होता. इंद्रजित हसला नाही. माल पारखणाऱ्याच्या मालाला कुणी हसावं, हे त्याला सोसण्यासारखं नव्हतं. फोन ठेवून त्याने ताट बाजूला केलं. "कुणी काळं केलंय बॉक्सला? सारजाला उद्या इचारतोच."

लीलाबाईंचा घास तोंडातच राहिला. त्या बोलणार, तेवढ्यात मनिषा भाताचं पातेलं घेऊन आली आणि वाढता वाढता म्हणाली, "सारजाला काय इचारताय? म्या काडली म्हस."

"तू?"

"बसल्या बसल्या काडली. काय बिगडलं?"

"बसल्या बसल्या? बसाय वेळ हाय व्हय तुला? आडत्या हसतोय तितं! उद्या म्हणंल पोराटोरांच्या हातचा माल हाय."

मनिषाने भात वाढला आणि त्यावर आमटी घातली. बोलणी खाऊन ती मोरीवर भांडी घासायला गेली. लीलाबाई तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. हिला कसं कळलं, आणि कळलं तर हिने आपल्यावर का घेतलं, याचा त्यांना उलगडा होईना. विचारायला धीर झाला नाही, कारण विचारलं की कबूल केल्यासारखं होतं.

दोन-तीन दिवस त्यांनी पेन्सिलीला हात लावला नाही. मग एका दुपारी शेडमध्ये गेल्या, तर मनिषा सपाट केलेल्या पुठ्ठ्यांवर झोपली होती. बसल्या जागीच आडवी झाली असावी. कात्री अजून हातात होती. सारजा शेळ्यांकडे गेली होती. आतापर्यंत लीलाबाईंनी हलणारं माणूस काढलं नव्हतं, आणि या घरात न हलणारं माणूस कधी सापडलं नव्हतं. त्या हळूच खोक्यावर बसल्या आणि पुठ्ठा मांडीवर घेतला.

आधी टाच काढली, भेगांसकट. मग गुडघ्याशी गोळा झालेला साडीचा काठ, मग कोपर. मग हात. हाताशी आल्यावर पेन्सिल थांबायला लागली. बोटं मिरचीच्या देठांनी काळी-हिरवी झाली होती. अंगठ्याला चिंधी होती, आणि चिंधीखालचा अंगठा वाकायला हवा तिथे वाकत नव्हता. बांगड्या वर कोपराकडे सारून सुतळीने बांधलेल्या. त्या का बांधल्या हे लीलाबाईंना आधी कळेना. मग त्यांनी मनगटाची कड काढायला नीट पाहिलं, आणि कड सरळ येईना. मनगट सुजलं होतं. सुजलेलं मनगट कसं दिसतं, हे त्या घरात त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. दोन वेळची धार, दिवसभरचा तोडा, वर भांडी. हे सगळं रोज त्यांच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. फक्त त्यांनी ते आज बघितलं.

चित्र मनगटाशीच राहिलं. लीलाबाई उठल्या, पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवला, चरवी घेतली आणि गोठ्यात गेल्या.

धारेला अजून वेळ होता, पण चांदीने त्यांचा हात ओळखला. मनिषाच्या हाताखाली ती घटकाभर नखरे करायची. लीलाबाईंनी कासेला पाणी लावलं आणि तिने पान्हा सोडला. पहिल्या धारा रिकाम्या चरवीत वाजल्या. मनगटात थोडी ओढ बसली, पण कळ नव्हती.

तो आवाज ऐकून मनिषा धावत आली. गालावर पुठ्ठ्याचे वळ उठलेले. "आत्या! हात!"

"हाताला काय धाड भरलीया. बरा हाय."

मनिषा दाराला टेकली. "ठाव हाय मला."

"कवापासनं?"

"काळ्या पेन्सिलीनं काडाय लागला तवापासनं. बोटं पदराला पुसता की तुमी. लुगडी कोण धुतंय?"

लीलाबाईंचे हात थांबले. चांदीने मान वळवून पाहिलं. "मग बोलली का न्हाईस, पोरी? मरमर मरतीयास एकटी."

"बोलणार हुते," मनिषा म्हणाली. ती चिंधीचं टोक दाताने घट्ट करत होती. "रोज ठरवायची. पण शेडात यायची आणि तुमी दिसायच्या बसल्याल्या. लगीन होऊन आल्यापासनं तुमाला बसल्यालं कधी बघितलंच नव्हतं. म्हनलं आजच्या दिवस ऱ्हाऊ द्यावं."

लीलाबाईंनी पुन्हा धार धरली. "जा, गरम पाण्यात हात धर," मग त्या म्हणाल्या. "मीठ टाक त्यात. आणि आजपासनं धारंला यायचं न्हाय."

संध्याकाळी इंद्रजित दारातच थबकला. आई चरवी घेऊन येत होती. "आई! डोकं फिरलं काय? रेघ अजून फिकी हाय तुझी!"

"रेघ न्हाय रं बाबा फिकी. तुझी पेन्सिल फिकी हाय." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. मोनाचं सांगितलं, बॉक्सचं सांगितलं, म्हैस कुणी काढली तेही. इंद्रजित ऐकत राहिला. रागवावं की नाही, हे त्याला ठरवता येईना. आई बरी झाली याचा आनंद मोठा होता. कडक पेन्सिलीत आपण फसलो याची सल त्याहून थोडीशीच लहान. शेवटी तो एवढंच म्हणाला, "चला, औषध लागू पडलं म्हणायचं. सुटलो एकदाचं."

आणि खरोखरच सगळे सुटले. लीलाबाई नेटमध्ये गेल्या, मनिषाच्या मनगटाची सूज उतरली, माल वेळेवर निघू लागला. पेन्सिली फळीवर मलमाच्या रिकाम्या ट्यूबशेजारी राहिल्या. संध्याकाळी "रेघा झाल्या का?" असं कुणी विचारत नव्हतं, कारण बरं झालेल्या माणसाला गोळ्या झाल्या का, असं कोण विचारतं? लीलाबाई टीव्हीपुढे बसायच्या आणि हात आपोआप लसणाकडे जायचा. कुणी नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. कुणी नाही म्हणतच नव्हतं. एकदा त्या गोठ्यात चांदीच्या कानाकडे बघत उभ्या राहिल्या, तर इंद्रजित घाबरून आला. "काय झालं? गोचीड हाय काय?"

"न्हाय," लीलाबाई म्हणाल्या आणि शेणाला हात घातला.

मॅडमची शेवटची खेप उरली होती. त्यांनी मनगट वळवून पाहिलं, मूठ आवळायला लावली, आणि म्हणाल्या, "आजी, आता माझ्याकडे यायचं काम नाही. एकदम छान." इंद्रजितने त्यांना हात जोडले. खाली येऊन त्याने गाडी चालू केली. लीलाबाई मागे बसल्या, आणि गाडी चौकात आल्यावर त्यांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली.

"त्या दुकानापशी थांब."

"कुठल्या?"

"पेन्सिलीच्या."

इंद्रजितने गाडी कडेला घेतली. "आता कशाला? हात बरा झाला न्हवं?"

"व्हय. झाला." लीलाबाई उतरल्या आणि पदर सारखा केला.

त्याने घड्याळ बघितलं. "दोन मिंटात ये. गाडी चालूच ठेवतो."

मोनाने त्यांना लगेच ओळखलं. "मावशी! हात कसा आहे?"

"बरा झाला."

"मग आता?"

"आता पेन्सिली पायजेत," लीलाबाई म्हणाल्या. मोनाने डबेच काढून ठेवले.

लीलाबाईंनी घाई केली नाही. मिरची निवडावी तशा त्या निवडायला बसल्या. पत्र्याच्या सुंदर पेटीतला सेट हातात घेतला, झाकणावरचं चित्र बघितलं आणि परत ठेवला. पेटीचं काय करायचं? सुट्या पेन्सिलींतली एकेक उचलून बूड बघितलं, शिसं मधोमध आहे की एका अंगाला सरकलंय. काचेवर लोटून बघितलं, सरळ जाते की डुगडुगते. डुगडुगणाऱ्या बाजूला काढल्या. एक टू बी, एक सिक्स बी. कागदाचे सुटे ताव अंगठ्याने चाचपले. गुळगुळीत नको, खरखरीत हवा. मोठा ताव घेऊन घरी चार तुकडे करायचे ठरलं. मालक खुर्चीवरून बघत होता; एवढ्याशा खरेदीला एवढा वेळ लावणारं गिऱ्हाईक त्याने इंद्रजितनंतर हेच पाहिलं.

बाहेरून हॉर्न वाजला.

"आले, आले," लीलाबाई सवयीने म्हणाल्या, पण हात थांबला नाही. टू बीची परीक्षा घ्यायला मोनाने कागदाचा तुकडा दिला होता, आणि त्यांनी दारातून जे समोर दिसलं ते काढायला घेतलं होतं. गाडीचं पुढचं चाक. टाकी. एक पाय जमिनीवर टेकून बसलेला माणूस.

पुन्हा हॉर्न. "आई! आटप की! ऊन वर आलं!"

लीलाबाई पायरीपर्यंत आल्या. एका हातात कागद, पुठ्ठ्यावर धरलेला. दुसऱ्या हातात पेन्सिल. इंद्रजितला वाटलं, झालं एकदाचं, आणि तो पुढे सरकून त्यांना जागा करायला लागला.

"हालू नगं," लीलाबाई म्हणाल्या.

"आं?"

"मगाशी बसला हुतास तसा बस. मान जरा इकडं. खांदा काडायचा ऱ्हायलाय."

इंद्रजितने आजूबाजूला पाहिलं. मागे एसटी हॉर्न देत होती, उसाच्या रसाच्या गाड्यावर ओळखीचं कुणीतरी उभं होतं, फुटपाथवरून पोरी जात होत्या. त्याने आईकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत होती. ओरडायला नाही, काम सांगायला नाही, जेवलास का विचारायलाही नाही.

त्याने हात खाली नेला आणि किल्ली फिरवून गाडी बंद केली. मग आधार कार्डाच्या फोटोला बसावं तसा, नाकासमोर बघत, बसून राहिला.